कांचपेटींतील शेवाळभक्षक मासे

घरांत माशांची कांचपेटी आली कीं पहिले दहापंधरा दिवस सर्व मंडळी तिच्यासमोर बसून असतात. पाणी निर्मळ असतें, वाळू स्वच्छ असते, मासे चपळ असतात. तिसऱ्या आठवड्यांत मात्र कांचेवर तपकिरी, धुरकट थर दिसूं लागतो. बोट फिरविलें तर तो निघतो, परंतु चार दिवसांनीं पुन्हां तेथेंच बसतो. पुढें तो थर जाऊन त्याच्या जागीं हिरवे ठिपके येतात, पाणवनस्पतींच्या पानांच्या कडांना केंसासारखे तंतू लोंबूं लागतात, आणि घरचे यजमान दुकानांत जाऊन विचारतात कीं, यावर कांहीं उपाय आहे काय? दुकानदार कोपऱ्यांतील एका पेटीकडे बोट दाखवितो. तेथें कांचेला तोंड चिकटवून दोन इंचांचा एक काळपट, खडबडीत मासा बसलेला असतो. "हा सकर घेऊन जा, सगळें शेवाळ खाऊन टाकील," असें तो सांगतो, आणि मासा घरीं येतो.

बारामतींत, किंवा बारामतीला लागून असलेल्या व आतां तिच्याच नगरपरिषदेच्या हद्दींत आलेल्या जळोचीसारख्या वस्तींत, ज्या ज्या घरीं अशी पेटी आहे त्या बहुतेक घरीं हाच क्रम घडतो. दुकानदाराचा सल्ला खोटा नसतो, पण अर्धवट असतो. सकर हें एका माशाचें नांव नव्हे. त्या नांवाखालीं निदान तीन निरनिराळे मासे विकले जातात. त्यांतला एक अंगठ्याच्या पेरापेक्षां थोडा मोठा होऊन थांबतो, दुसरा वीतभरही होत नाहीं, आणि तिसरा दीड फुटांपर्यंत वाढतो. लहानपणीं तिघेही कांचेला सारखेच चिकटतात. घेतांना झालेली ही चूक दोन वर्षांनीं घरांत कळते, आणि तिचा परिणाम कित्येकदां घराबाहेर, नदींत जाऊन पोंचतो.

शेवाळाची अडचण मत्स्यपेटीइतकीच जुनी आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें लंडन येथें एका मोठ्या भांड्यांत सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति एकत्र ठेवली, आणि वनस्पति व प्राणी यांचें प्रमाण जमलें तर पाणी वारंवार न बदलतांही मासे जगतात, असें १८५० सालीं प्रसिद्ध केलें. मात्र प्रयोगाच्या आरंभींच त्याला एक विघ्न आलें होतें. वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळलें आणि बुळबुळीत हिरवा थर माजला. त्यानें भांड्यांत तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या, त्यांनीं ती घाण खाऊन टाकली, आणि मग प्रयोग सुरळीत चालला. घरगुती मत्स्यपेटीच्या पहिल्या दिवसांतच सफाईचा नोकर ठेवावा लागला, तो असा. पुढें १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांकरितां मत्स्यगृह उघडलें. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडावयास १९५१ साल उजाडलें. गोगलगाईची जागा दक्षिण अमेरिकेंतल्या माशानें घेतली ती त्यानंतरच्या काळांत, विमानानें जिवंत मासे आणणें सोपें झालें तेव्हां.

माशाची निवड करण्यापूर्वीं शेवाळ कां येतें तें पाहिलें पाहिजे. शेवाळास दोन गोष्टी लागतात: उजेड आणि पाण्यांत विरघळलेलें खत. उजेड खिडकींतून किंवा दिव्यांतून येतो. खत माशांच्या विष्ठेंतून व न खाल्लेल्या अन्नांतून तयार होतें. त्या घाणीपासून प्रथम अमोनिया निघतो. वाळूंत व फिल्टरच्या स्पंजांत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही माशांना विषासमान आहेत, तर नायट्रेट त्यामानानें सौम्य आहे. हे जंतु पुरेसे वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यांत, तपकिरी थर दिसतांच, नवा नाजूक मासा आणून टाकणें म्हणजे त्याला विषांत सोडण्यासारखें आहे. तो तपकिरी थर डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो, आणि पेटी मुरली म्हणजे बहुधा आपोआप कमी होतो.

नीरेच्या कालव्याखालच्या मुलुखांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. नीरा डाव्या कालव्यानें बारामती व इंदापूर या तालुक्यांना ऊंस दिला, पण त्याच्याबरोबर कांहीं जमिनींत क्षारही वर आणले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० च्या सुमारास प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा विषय शेतकऱ्यांच्या बोलण्यांत आहे. अशा बागायती भागांतील विहिरीचें किंवा विंधणविहिरीचें पाणी जड असतें आणि शेतांतल्या खताचा अंशही त्यांत उतरलेला असूं शकतो. साबणाला फेंस येत नसेल तर पाणी जड आहे इतकें घरांतल्या घरांत कळतें. असें पाणी पेटींत भरलें तर शेवाळाचें खत पहिल्या दिवशींच आंत गेलें असें समजावें. नगरपरिषदेचें नळाचें पाणी त्यापेक्षां बरें, मात्र त्यांत क्लोरिन असतो. तें उघड्या बादलींत एक दिवस ठेवावें, किंवा पूर्वी छायाचित्रकार वापरीत असत त्या हायपोचे चार खडे त्यांत विरघळवावे.

दिवा दिवसाकाठीं सहा ते आठ तासच ठेवणें, पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर मांडणें, दोन मिनिटांत संपेल इतकेंच अन्न घालणें, आणि आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलणें, एवढें केलें तर निम्मे शेवाळ माशावांचून जातें. मासा शेवाळ खातो, परंतु खाल्लेलें पुन्हां त्याच पाण्यांत टाकतो, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. खत तेथेंच राहतें. तें बाहेर काढण्याचें काम बादलीच करते. शिवाय सर्वच शेवाळ मासे खात नाहींत. वाळूवर पसरणारा, घाण वास येणारा निळसर-हिरवा पडदा वस्तुतः जंतूंचा असतो, आणि त्याला सहसा कोणताही मासा तोंड लावीत नाहीं.

आतां माशांकडे वळावें. आपल्या शिंगट्यांप्रमाणें हे मासेही मार्जारमीन, म्हणजे मिशा असलेले मासे होत. परंतु त्यांचें कुळ वेगळें असून तें मूळचें दक्षिण व मध्य अमेरिकेच्या नद्यांतलें आहे. या कुळांत सुमारें हजार जाती आहेत. त्यांच्या अंगावर खवल्यांऐवजीं हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत असतें. तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखें असतें. त्याच्या ओठांनीं ते दगडाला धरून राहतात आणि बारीक दांतांच्या ओळींनीं त्यावरचा थर खरवडतात. तोंड चिकटलेलें असतांना श्वास कसा घ्यावा हा प्रश्न निसर्गानें मोठ्या युक्तीनें सोडविला आहे. ओठांच्या बाजूला मिशांजवळ एक बारीक पन्हळ राहते, तींतून पाणी आंत जातें व कल्ल्यांतून बाहेर पडतें, आणि तेवढ्यानें पकड सुटत नाहीं. डोळ्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. बुबुळावर वरून एक लहानसा पडदा उतरलेला असतो. उजेडांत तो पसरतो आणि अंधारांत आखडतो. पोट उघडून पाहिलें तर घड्याळाच्या कमानीसारखें गुंडाळलेलें लांबच लांब आंतडें आढळतें, कारण पालापाचोळा पचविणाऱ्यास आंतडें लांबच लागतें.

या तिघांतला सर्वांत लहान व घरास सर्वांत योग्य मासा म्हणजे ऑटोसिंक्लस. दुकानांत त्याला नुसतें 'ऑटो' म्हणतात. पूर्ण वाढलेला ऑटो चार सेंटिमीटरांच्या आसपास असतो. अंगाच्या बाजूनें डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ असते. तो पानें चाटतो, पण पानांना भोंकें पाडीत नाहीं. इतर माशांच्या वाटेला जात नाहीं. त्याला सोबत लागते. एकटा ठेवला तर तो कोपऱ्यांत लपून राहतो, म्हणून पांचसहा एकदम आणावे. पेटीचा हिशेब असा: ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी कांठोकांठ ५४ लिटरांची होते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जातां ४५ लिटर पाणी उरतें. तेवढ्यांत पांचसहा ऑटो आणि दहाबारा लहान मासे सुखानें राहतात.

ऑटोसंबंधानें सर्वांत मोठें दुःख म्हणजे ते घरीं आल्यावर पहिल्या पंधरवड्यांत मरतात. त्याचें कारण घरवाल्यांच्या हातून घडलेलें असतेंच असें नाहीं. बाजारांत येणारे बहुतेक ऑटो नदींतून पकडलेले असतात. पकडल्यापासून घरीं येईपर्यंत त्यांनीं पिशव्या, खोकीं व उघड्या पेट्या यांतून प्रवास केलेला असतो, आणि त्या मुदतींत त्यांना खरवडावयास हिरवा थर मिळालेला नसतो. उपाशी आंतडें एकदां निकामी झालें म्हणजे पुढें अन्न मिळूनही उपयोग होत नाहीं. म्हणून दुकानांत मासा कांचेला चिकटलेला असतांना बाहेरून त्याचें पोट पाहावें. पोट गोल व भरलेलें दिसलें तर घ्यावा. तें आंत ओढलेलें दिसलें तर कितीही दया आली तरी घेऊं नये. दुकानांत येऊन दोन आठवडे झालेले मासे मिळाले तर उत्तम, कारण जे मरावयाचे ते तोंवर मेलेले असतात.

घरीं आल्यावर दुसरी उपासमार सुरू होते, आणि तिला मात्र घरवालेच कारण असतात. सहा ऑटो एका आठवड्यांत लहान पेटीची कांच चकचकीत करतात. मंडळींना समाधान वाटतें. त्यानंतर त्या माशांनीं काय खावें याचा विचार कोणी करीत नाहीं. घराचा उंदीर संपला म्हणून मांजराला कोणी उपाशी ठेवीत नाहीं, पण सफाईच्या माशाला ठेवतात. त्याला काकडीची चकती, दोडक्याचा किंवा दुधीचा तुकडा, अथवा उकळत्या पाण्यांत क्षणभर बुडवून मऊ केलेलें पालकाचें पान द्यावें. तुकडा वर तरंगतो, म्हणून त्याला लहान दगड बांधावा किंवा पोलादी चमचा टोंचून तळाशीं ठेवावा. संध्याकाळीं दिवा मालवण्याच्या सुमारास घालावा व दुसऱ्या दिवशीं सकाळीं न चुकतां काढावा, नाहींतर तो कुजून पुन्हां तेंच खत तयार होतें. पहिले दोनचार दिवस मासे त्याकडे फिरकत नाहींत, त्यामुळें धीर सोडूं नये. तळाशीं बसणाऱ्या हिरव्या वड्याही मिळतात. मागच्या बाजूच्या कांचेवरील थर मुद्दाम न पुसतां राहूं द्यावा. घरांतल्या बायकांना तो अस्वच्छ दिसतो, पण माशांचें तेंच शेत आहे.

उन्हाळ्यांत जपावें लागतें. बारामतीकडे एप्रिल-मे महिन्यांत हवेची उष्णता ४० अंशांच्या घरांत जाते, आणि ऑटोला २२ ते २६ अंशांचें पाणी मानवतें. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा घेतला तर बाष्पीभवनानें दोनतीन अंश उतरतात. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

दुसरा मासा अँसिस्ट्रस. याचा नर प्रौढ झाला म्हणजे त्याच्या नाकाडावर काट्याझुडपासारख्या मऊ फांद्या फुटतात, त्यामुळें तो विद्रूप दिसतो असें कित्येकांचें म्हणणें आहे. परिचयानंतर तें मत बहुधा बदलतें. तो दहाबारा सेंटिमीटर होतो, त्याला ऐंशी-शंभर लिटर पाणी व खरवडावयास पाण्यांत बुडालेलें लांकूड लागतें. जड पाणी तो ऑटोपेक्षां पुष्कळ सहन करतो, म्हणून विहिरीच्या पाण्यावर भागवणाऱ्या घरीं हाच बरा. तो पेटींतच पैदास करतो. फुटक्या मडक्याचा तुकडा पालथा ठेवला तर नर त्यांत घर करतो, मादी आंत नारिंगी रंगाच्या अंड्यांचा घोंस घालून निघून जाते, आणि पुढें आठवडाभर नर अंड्यांवर पर हलवून वारा घालीत बसतो. त्या दिवसांत तो खाण्यासाठींही क्वचितच बाहेर येतो. ज्या घरांत मुलें आहेत तेथें हा एकच प्रसंग पेटीची सर्व किंमत वसूल करून देतो.

तिसरा मासा टेरिगोप्लिक्थिस. बाजारांत 'सकर' म्हणून स्वस्तांत मिळतो तो बहुधा हाच. अंगावर बिबट्यासारखे ठिपके किंवा जाळी, आणि पाठीवर शिडासारखा उंच पर. ओळखण्याची खूण सोपी आहे. पाठीवरचा पर उभारलेला असतांना त्यांतील काड्या मोजाव्या. पुढच्या जाड कांट्यामागें दहा किंवा अधिक काड्या भरल्या तर हा मोठा होणारा मासा आहे. ऑटोच्या व अँसिस्ट्रसच्या परांत त्या सातआठच असतात. हा मासा पहिल्या वर्षांत शेवाळ खातो. मोठा झाल्यावर शेवाळापेक्षां इतर माशांचें अन्नच अधिक पसंत करतो, झाडें उपटतो, वाळू उकरतो, आणि त्याच्या विष्ठेचे लांब दोरे पेटीभर पसरतात. दीड फुटांच्या माशाला ५४ लिटरांच्या पेटींत वळावयासही जागा नसते. तो सहजासहजीं मरत नाहीं, कारण पाण्यांत प्राणवायु कमी पडला तर तो वर येऊन हवा गिळतो व जठराच्या द्वारें श्वसन करतो. पाण्याबाहेरही तो कित्येक तास जिवंत राहतो.

अशा माशाचें काय करावें हा प्रश्न पडला कीं घरांतील वडीलधारी मंडळी सुचवितात, "मारूं नका, बिचाऱ्याला नदींत सोडा." हेतु शुद्ध असतो. बारामतीवरून वाहणारी कऱ्हा सोनगांवाजवळ नीरेस मिळते, नीरा नरसिंगपुरास भीमेस मिळते, आणि तीच भीमा पुढें पंढरपुरास चंद्रभागा होते. जळोचीच्या घरांतून सोडलेला मासा या वाटेनें कोठवर जाईल याला मर्यादा नाहीं. नरसिंगपुराच्या वर, त्याच भीमेवर, उजनीचें धरण आहे. तें १९८० मध्यें पुरें झालें, आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या कडेनें भिगवणपर्यंत पसरला आहे. बारामतीहून भिगवण सुमारें तीस किलोमीटर. तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत आतां सकर येऊं लागला आहे. त्याच्या परांचे ताठ कांटे व खडबडीत चिलखत जाळ्यांत असें गुंततें कीं मासा सोडवितांना सूत तुटतें, आणि सोडविलेल्या माशाला बाजारांत गिऱ्हाईक नाहीं. जाळें हेंच ज्याचें भांडवल, त्याचें नुकसान दुहेरी होतें. पुण्याची मुळा-मुठा भीमेस मिळते व भीमा उजनींत येते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे शहरांतल्या पेट्यांचा आणि भिगवणच्या जाळ्यांचा संबंध निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

हा मासा अंडीं घालण्यासाठीं मातीच्या कांठांत खोल बिळें पाडतो, त्यामुळें कांठ ढासळतात व पाणी गढूळ होतें. पिलांचें रक्षण नर करतो, म्हणून संख्या झपाट्यानें वाढते. मेक्सिकोंतील इन्फिएर्निलो धरणांत हेंच घडून तेथील मोठा मत्स्यव्यवसाय कोसळला. तेथें पूर्वीं मुख्यतः तिलापिया सांपडे, आणि उजनीच्या कोळ्यांचें पोटही आज बऱ्याच अंशीं त्याच माशावर, म्हणजे त्यांच्या भाषेंत चिलापीवर, अवलंबून आहे. गंमत अशी कीं चिलापीही मूळची आफ्रिकेंतली, आणि तिनें भीमेंतल्या जुन्या माशांना मागें सारलें आहे. एका पाहुण्यानें घर बळकावलें म्हणून दुसऱ्यास दार उघडावें असें मात्र होत नाहीं.

तेव्हां मोठा झालेला सकर विहिरींत, कालव्यांत, तळ्यांत किंवा नदींत कदापि सोडूं नये. गणपतीच्या विसर्जनाबरोबर तर नाहींच नाहीं. दुकानदार परत घेत असेल तर द्यावा. घेत नसेल तर मोठी पेटी असलेल्या ओळखीच्या माणसाकडे, किंवा सर्व बाजूंनीं बंद असलेल्या सिमेंटच्या हौदांत ठेवणाऱ्याकडे पोंचवावा. तेंही न साधलें तर लवंगेचें तेल कोमट पाण्यांत घुसळून त्यांत माशाला प्रथम गुंगी आणावी व मग मात्रा वाढवून त्याचा शेवट करावा. हें लिहिणें कठोर वाटेल, परंतु एका माशाची दया करतांना सबंध नदीस विसरणें ही दया एकांगी आहे.

नदीचा विषय निघाला म्हणून तिच्या स्वतःच्या सफाईदारांबद्दल चार शब्द. कर्नल साइक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें येथील लोकांच्या तोंडचीं नांवें लॅटिन नांवांत जशींच्या तशीं ठेवलीं. शिंगटी, कोळशी, खडशी हीं त्या रीतीनें जगाच्या मत्स्यशास्त्रांत गेलीं. त्यांतच मळ्या आहे. मळ्या हा मार्जारमीन नव्हे, रोहूच्या कुळांतला आहे. पण त्याच्या खालच्या ओठामागें गोल चकती असते, तिनें तो वाहत्या पाण्यांतील खडकाला चिकटतो आणि त्यावरचें शेवाळ खरवडतो. भीमा व नीरा यांच्या खडकाळ पात्रांत तो पूर्वापार हेंच काम करीत आला आहे. परदेशी सकरापेक्षां आपला मळ्याच पेटींत कां ठेवूं नये, असें कोणाच्याही मनांत येईल. विचार चांगला आहे, अडचण पाण्याची आहे. त्याला जोराचा प्रवाह व भरपूर प्राणवायु लागतो, आणि तो अर्धा फूट वाढतो. लांब पेटी व पाणी वेगानें फिरविणारा पंप असेल तरच त्याच्या वाटेला जावें. झांकणही घट्ट हवें, कारण चकतीच्या आधारानें तो ओल्या कांचेवरून वर चढतो, आणि सकाळीं जमिनीवर सांपडतो.